दुखणं चालत यावं

राजा धवलसेनाला आपल्या दवाखान्याच्या वहीचा भारी अभिमान. राजधानीत सात वैद्य, आणि आलेल्या प्रत्येक रोग्याचं नाव वहीत. त्या वहीत डोंगरावरच्या आंबेखोल गावाचं मात्र बारा वर्षांत एकही नाव नव्हतं.

म्हणून आंबेखोलची सुईण चिमाबाई दरबारात वैद्य मागायला आली, तेव्हा राजाला हसूच आलं. "तुमच्याकडे कुणी आजारीच पडत नाही, बाई. वैद्य येऊन काय करवंदं खाईल?"

दोन दिवसांचा घाट आजारी माणूस उतरणार कसा, हे चिमाबाईनं परोपरीनं सांगितलं. तिच्या सुनेचे, जनीचे, दिवस भरत आले होते आणि पाय भोपळ्यासारखे सुजले होते. गेल्या साली अशाच दोघी दगावल्या होत्या, त्यामुळे तिच्या जिवाला घोर लागला होता. पण राजा हट्टाला पेटला.

"ज्याला दुखतंय त्यानं आपल्या पायांनी वैद्याच्या दारात यावं, तरच तो आजारी. हुकूम आहे!"

आता घ्या! हा हुकूम सगळ्यांना सारखाच ना, एवढं चिमाबाईनं विचारून घेतलं. अगदी मलासुद्धा, राजा म्हणाला. मग तिनं राजवैद्यांना जरा आमची हवा बघायला पाठवा म्हटलं, रोगी संपले की लगेच परत. जाऊन येऊन चार दिवस, असा अंदाज बांधून राजानं खुशाल होकार दिला.

चार झाले, आठ झाले, राजवैद्यांचा पत्ता नाही. दहाव्या दिवशी राजाची दाढ ठणकायला लागली, गाल टम्म फुगला. राजाच्या दाढेला हात लावायची बाकी सहा वैद्यांची काही छाती होईना. राजवैद्यांना आणायला स्वार दौडला, तो चिमाबाईचा निरोप घेऊन परतला.

"जनीला मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. वैद्यबुवांपुढे अजून चाळीस जण बसलेत. महाराजांना खरंच दुखत असेल तर त्यांनी आपल्या पायांनी यावं. नाही आले, तर आम्हीपण वही घातली आहे. तीत लिहू, राजवाडा ठणठणीत!"

करतो काय बिचारा! गालाला फडकं बांधून राजा घाट चढला. तिसऱ्या दिवशी धापा टाकत चिमाबाईच्या अंगणात पोचला. तिनं त्याला आधी पाणी दिलं, मग खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"एवढा घाट पायी चढलात? मग तुम्हाला काही झालेलं नाही, महाराज."

राजा गाल धरून हसत सुटला. हसला की दाढ कळ मारायची, कळ आली की आणखी हसू यायचं. दाढ निघाल्यावर तोंड उघडलं ते नवा हुकूम द्यायलाच. आंबेखोलला कायमचा वैद्य, घाटासाठी एक डोली आणि चिमाबाईला सोन्याचे तोडे!