लोंबलेल्या बाजूचा भार

एकदा एक शिष्य सकाळीच घुश्शात कामावर आला. वय तिशीचे, हात कसबी, जीभ मात्र थोडी सैल. त्याचे गुरू म्हणजे गाड्या दुरुस्त करणारे एक वृद्ध मिस्त्री. सगळा परिसर त्यांना काका म्हणे.

"काका, ताई आज संध्याकाळच्या एसटीने मावशीकडे निघालीय," शिष्य म्हणाला. "डब्यांचं काम आता झेपत नाही म्हणते. परत येईन की नाही, सांगता येत नाही म्हणाली. मीही म्हटलं, जा. आठ दिवस झाले, नुसती चिडचिड."

आई गेल्यापासून अकरा वर्षे ही थोरली बहीण पोळीभाजीचे डबे करून घर चालवत होती, हे काकांना ठाऊक होते. त्यांनी समोरच्या मोटारीकडे बोट दाखवले. तिचा मागचा बंपर डावीकडे लोंबला होता. उजवीकडे तो अगदी सरळ होता.

शिष्याने आडवे होऊन पाहिले. बंपरला धरून ठेवणारे डावीकडचे ब्रॅकेट तुटले होते. त्याने ते उपसून भंगारात भिरकावले.

"फुसका माल," तो म्हणाला. "उजवी बाजू बघा, जागची हललेली नाही."

काकांनी तो तुकडा भंगारातून उचलला, फडक्याने पुसला आणि खिशात ठेवला. "मी नवं ब्रॅकेट काढतो. तोवर ही बाजू हातांनी उचलून धर."

शिष्य चक्रावला. खाली ठोकळा लावला असता तरी भागले असते. पण गुरूंची आज्ञा. पहिली पाच मिनिटे त्याला गंमत वाटली. दहाव्या मिनिटाला दंड थरथरू लागले. काका स्टुलावर बसून निवांत चहा पीत होते.

"काका, एवढासा बंपर, इतका जड कसा?"

काकांनी येऊन बंपरखाली ठोकळा सरकवला. "आता उजवीकडे वाकून बघ."

शिष्याने पाहिले. उजवीकडचे आणि मधले स्क्रू मागच्या कुठल्यातरी कामात कुणी बसवलेच नव्हते. ती बाजू नुसती खाचेत अडकून दिमाखात उभी होती.

काकांनी तुटका तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला. "बाळा, हे फुसकं नव्हतं. सगळा भार याने एकट्याने वाहिला, म्हणून तुटलं. लोंबलेली बाजू आपल्याला लगेच दिसते. सरळ दिसणारी बाजू कुणाच्या जिवावर सरळ आहे, ते कुणी वाकून बघत नाही. तू दहा मिनिटांत दमलास. याला आधी नमस्कार कर, मग नवं बसव."

शिष्याने तो तुकडा कपाळाला लावला तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. त्याने नवे ब्रॅकेट बसवले, उजवीकडचे आणि मधले स्क्रूही घातले. बंपर आणि गाडीमधली फट दोन्हीकडे सारखी झाली.

संध्याकाळी ताई पिशवी भरून दारात उभी होती. त्याने पिशवी उचलली आणि तो तिच्याबरोबर स्टँडवर गेला.

"ताई, रागाने नको जाऊस, हक्काने जा. महिनाभर राहा. तू अकरा वर्षं केलंस म्हणून मी उभा आहे, हे मला आज कळलं. डबे मी बघतो."

"पोळ्या येतात का तुला?"

"नाही. पहिले चार दिवस लोक शिव्या देतील."

ताई हसली, आणि हसता हसताच रडली. एसटी सुटेपर्यंत ती त्याला कणीक किती सैल भिजवायची ते खिडकीतून सांगत राहिली, आणि तो एकेक शब्द मनात जपून ठेवत होता.