पोशीबायचं खारं शेत

खाडीकाठच्या गावांना अजून सडक ठाऊक नव्हती, माणसं होडीनेच ये-जा करत, तेव्हाची ही गोष्ट. बांधालगतच्या खाचरात पोशीबाय एकटीने भात पिकवायची. खाडीचं पाणी आत शिरू नये म्हणून बांधाला लाकडी दार होतं. त्याला उघाडी म्हणत.

आश्विनातल्या पुनवेला, भर दुपारी, उधाण चढत असताना चांगू नावाच्या गड्याने ती उघाडी उचलली. पाण्याबरोबर मासे आत येतील, एवढाच त्याचा विचार. पण पाण्याला असा जोर, की दार पुन्हा खाली बसेना. त्या खाऱ्या पाण्याने पोशीबायचं फुलोऱ्यातलं भात आठ दिवसांत जळून गेलं.

गावकी बसली. चांगू म्हणाला, "खेकड्यांनी बांध पोखरला."

"खेकडे दार उचलतात काय रे?" पोशीबायने विचारलं.

चांगूची मान खाली गेली. "मीच उचललं, बाय."

"वाळीत टाका ह्याला!" पंच ओरडले. क्षणभर पोशीबायलाही ते बरं वाटलं. मग ती म्हणाली, "वाळीत टाकाल, तर हा घरात बसंल. माझं शेत कोण गोडं करंल? आणि उघाडीवर राखणीची पाळी कुणाची होती, तेही बोला."

राखण साऱ्या गावाची होती, आणि त्या दुपारी उघाडीवर कुणीच नव्हतं. शेवटी घराघराने तिला खायला भात द्यायचं कबूल केलं, आणि चांगूने कावड खांद्यावर घेतली.

डोंगरातल्या झऱ्याचं पाणी तो रोज तिच्या शेतात ओतायचा. पोशीबाय चिमूटभर माती जिभेवर ठेवायची आणि म्हणायची, "खारट." एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. असं म्हणतात, की तिसऱ्या वर्षी, ऐन वैशाखात, चांगूच्या कावडीतून जिथे जिथे पाणी सांडलं होतं, तिथे तिथे जमीन पाझरली, आणि त्याच्या मागोमाग झरा स्वतःच डोंगर उतरून शेतात आला. पोशीबायने माती चाखली. मग आणखी एक चिमूट उचलून पुन्हा चाखली.

"चांगू, कावड ठेव," ती म्हणाली. "जेवून जा."

तो ओहोळ अजून वाहतो, असं म्हणतात. पेरणीआधी सारा गाव त्याच्या काठी जमतो. वर्षभरात ज्याच्या हातून कुणाचं वाईट झालं असेल, तो उभा राहून आपल्या तोंडाने सांगतो. मग ज्याचं वाईट झालं तो सांगेल ते त्याने करायचं, आणि गावाने त्या कामाला हात लावायचा. "झालं गेलं, सोडून दे," असं मात्र तिथे ज्याने सोसलं त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणी म्हणायचं नाही. पोशीबायची तशी शपथ आहे.