माणिकच्या हाकेला ओ

फार फार वर्षांपूर्वी नदीच्या वळणावरच्या धामणखेड्यात भिवराई नावाची सुईण होती. असं म्हणतात, तिच्या हातांना अशी ऊब होती की रडतं पोर तिच्या मांडीवर आलं की गप्प व्हायचं. भांडखोर बाया तिच्यासमोर आल्या की त्याही गप्प व्हायच्या, पण ते तिच्या तोंडाला भिऊन.

त्या गावात माणिक कुणी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. लाल रत्न असतं, राजाच्या मुकुटात बसतं, एवढंच ऐकून माहीत. पण नावाची हौस दांडगी! डाळिंबाचा दाणा माणिक, चुलीतला निखारा माणिक, कपाळीचं कुंकू माणिक. भिवराई पाळणा म्हणायची तोही माणकापासूनच सुरू व्हायचा:

उगवला सूर्यदेव, माणिक आलं वर,
त्याच्या गं उजेडानं भरलं माझं घर.

गावात सारजा नावाची कुंभारीण होती. तिनं थोरल्याचं नाव हिरा ठेवलं, धाकट्याचं मोती. दोघंही पाळण्यातच गेले. गाव म्हणालं, असल्या नावांनाच दृष्ट लागते. पुढं मुलगी झाली, तेव्हा सगळ्यांनी बजावलं, हिला धोंडी म्हणा. दगडधोंड्याकडं काळसुद्धा वळून बघत नाही.

सारजा भिवराईला आईच म्हणायची. ती तिच्या गळ्यात पडून रडली. "आई, पोटात होती तवापासनं मी हिला माणिक म्हणतेय. आता धोंडी कशी म्हणू?"

"तोंडानं धोंडीच म्हण, बाई. माणिक मी घेते. पोर मोठी झाली की परत देईन. तोवर त्या नावानं कुणी हाक मारली, तर ओ मी देणार."

त्या दिवसापासून ती बोळकी म्हातारी स्वतःला माणिक म्हणवून घेऊ लागली. गाव पोट धरधरून हसलं.

धोंडी दुडुदुडु चालू लागली. एक दिवस तिनं चिखलाचं वेडंवाकडं बोळकं केलं आणि आईपुढं धरलं. सारजाला राहवलं नाही. "माझं माणिक गं ते!" ती भर अंगणात ओरडली आणि लगेच जीभ चावली. पण नाव तोंडातून गेलं ते गेलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोर तापानं फणफणली. भिवराई धावत आली आणि उंबऱ्यात बसून वाटीत तेल कोमट करू लागली. टळटळीत दुपारी अंगणातून हाक आली, "माणिक!" अंगणात तर कुणीच नव्हतं. पोरीचे ओठ हलले. काळाच्या हाकेला ओ जाऊ नये म्हणून सारजानं तिच्या तोंडावर हात दाबला.

"ओ!" भिवराई म्हणाली. "आले की! जरा दम धर."

तिनं वाटी खाली ठेवली, पदर सारखा केला आणि ती नदीच्या वाटेला लागली.

"आई, नका जाऊ!" सारजा ओरडली.

"आता हिला खुशाल माणिक म्हण," भिवराई चालता चालता म्हणाली. "त्या नावाला ओ देऊन झालीय."

ती पुन्हा कुणाला दिसली नाही. असं म्हणतात, वाटीतलं तेल निवायच्या आत पोरीचा ताप उतरला आणि भर दुपारी नदीचं पाणी डाळिंबासारखं लाल झालं. सारजा उंबऱ्यावर डोकं टेकून रडली. पोर हाती लागल्याचा आनंद आणि आई गेल्याचं दुःख, दोन्ही एकाच रडण्यात. मग तिनं डोळे पुसले आणि लेकीला नावानं हाक मारली. माणिक हसली.

ती माणिक नातवंडं-पतवंडं बघून गेली, असं म्हणतात.

आजही धामणखेड्यात बारसं असलं की उंबऱ्यावर भिवराईच्या नावानं कोमट तेलाची वाटी ठेवतात. आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, मग अंगणात जाऊन त्याच नावानं मोठ्यानं हाक मारते. तेव्हा घरातल्या सगळ्या बाया एका आवाजात ओ देतात. त्यातही पुढं उभं राहायला म्हाताऱ्यांचीच ढकलाढकली! कुणी थट्टा केली की त्या म्हणतात, बाळाला अजून कुठं बोलता येतंय? तोवर आम्ही आहोत.