गोवरीतली बी

हौसामावशीच्या भिंतीशी एक बीळ. बिळात राहायची टिमकी उंदरी. पदरी सहा पिल्लं, आणि घरात दाणा नाही. एक भोपळा होता, तोही संपला. उरली एकच बी.

पेरायची बी ती. कीड लागू नये म्हणून टिमकीनं शेणात थापली. मावशीच्या गोवऱ्या भिंतीवर वाळत होत्या. त्यांच्यातच आपली इवलीशी गोवरी चिकटवली. वेडीच बाई.

एक दिवस बघते तर काय, भिंत रिकामी. गोवऱ्या सगळ्या चुलीपाशी.

टिमकी गेली तुरु तुरु.
"मावशी मावशी, गोवरी दे.
गोवरीत माझी बी, ती जळून जाई."
मावशी म्हणाली, "मग भाकरी कशावर भाजू? काटक्या आण, गोवरी ने. दिवेलागणीला चूल पेटवणार मी."

टिमकी हिरमुसली. गेली तुरु तुरु.
"शेवग्या शेवग्या, काटकी दे.
काटकी नाही तर गोवरी नाही,
गोवरीत माझी बी, ती जळून जाई."
शेवगा म्हणाला, "मीच तहानलोय. पाणी आण, काटकी ने."

टिमकी हिरमुसली. गेली तुरु तुरु.
"विहीरबाई विहीरबाई, पाणी दे.
पाणी नाही तर काटकी नाही,
काटकी नाही तर गोवरी नाही,
गोवरीत माझी बी, ती जळून जाई."
विहीर म्हणाली, "बादलीची दोरी तुटलीय. शेळीचं दावं आण, पाणी ने."

टिमकी हिरमुसली. गेली तुरु तुरु.
"शेळीताई शेळीताई, दावं दे.
दावं नाही तर पाणी नाही,
पाणी नाही तर काटकी नाही,
काटकी नाही तर गोवरी नाही,
गोवरीत माझी बी, ती जळून जाई."
शेळी म्हणाली, "मीच खुंट्याला बांधलेय. मला सोडव, दावं ने."

आता कुणाकडे जायचं? पुढं कुणीच नाही. टिमकीला रडू आलं. रडत रडतच तिनं दाव्याला दात लावले. कुर्र कुर्र. दात दुखले. ऊन कललं. कुर्र कुर्र. तुटलं एकदाचं.

शेळीनं दावं दिलं. दाव्यानं बादली गेली, बुडुक. विहिरीनं पाणी दिलं. शेवगा प्याला, घट घट. शेवग्यानं काटक्या टाकल्या, कट कट. काटक्या मावशीला मिळाल्या.

पण गोवरी चुलीत गेली होती.

मावशीनं चिमट्यानं ओढून काढली. फोडली. कडा काळ्या, पण आत बी पांढरीच.
"अगं बाई, खरंच आत बी होती होय? मला वाटलं, जळणाचीच." मावशीनं बी दिली. भाकरीचा तुकडाही दिला.

टिमकीनं बी पेरली. एक दिवस गेला, काही नाही. दोन दिवस गेले, काही नाही. पिल्लं रोज विचारायची, टिमकी मातीला पाणी घालायची. सहाव्या दिवशी माती हलली. दोन पानं वर आली.

"आई, खायचं?" धाकट्यानं विचारलं.
"नाही रे राजा. आधी भोपळा लागू दे."

पिल्लांनी भाकरीचा उरलासुरला चुरा वाटून खाल्ला. पोट काही भरलं नाही. मग सगळी त्या दोन पानांभोवती गोल करून निजली. वारा लागू नये ना, म्हणून.