राक्षसाने पडावं कसं

“तां सगळा खरा रे, पण तो मरता कसो?”

लाडूमामांनी सुपारी कातरता कातरता विचारलं, आणि साईश परबची गाडी तिथेच अडली.

अर्धा तास तो आपल्या राक्षसाचं वर्णन करत होता. काळकुंडल त्याचं नाव. तीनशे प्राण. अंगाला दगडाचं कवच. मंत्र बाधत नाही, आग लागत नाही. सगळं वहीत लिहिलेलं, आणि वही छातीशी धरलेली.

साईश कुडाळच्या बाजारात मोबाइल दुरुस्त करायचा. पण त्याला विचाराल तर तो पोटाचा उद्योग. खरा उद्योग रविवारी दुपारी. चार मित्र टेबलाभोवती बसवून तो गोष्टीचा खेळ चालवायचा. चौघांनी एकेक वीर व्हायचं, बाकीचं सगळं जग साईशने. तलवार लागली की हुकली, ते वीस बाजूंच्या फाशांनी ठरवायचं. राक्षस अर्थातच साईशचा.

आणि लाडू मेस्त्री म्हणजे दशावतारातले राक्षस. नाव लाडू, काम हे असं! चाळीस वर्षं ते रंगमंचावर आले की पुढच्या रांगेतली जाणती माणसंही पाय आखडून घ्यायची. आता पंच्याहत्तरी गाठलेली. खळ्यात सुपारी वाळत घालायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याची फिरकी घ्यायची, एवढंच काम उरलेलं.

“तो मरत नाही,” साईश म्हणाला. जरा ताठ्यातच.

“कधीच नाय?”

“दीड वर्ष झालं. ओरखडासुद्धा नाही.”

“मगे करता काय?”

“जिंकतो.”

“आणि तुझे ते चार जण?”

“हरतात.”

“मगे?”

“मग... घरी जातात.”

मामांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं आणि निवांत चघळत बसले.

आता साईशला राहवेना. चौघांचा निरोप आला होता. येता रविवार शेवटचा, त्यानंतर कॅरम. त्यांच्यातल्या गौरेशने पावडरचा डबासुद्धा आणून ठेवला होता. शाळेपासूनचे मित्र, आणि रविवार सोडला तर आठवड्यात त्याचं स्वतःचं असं होतंच काय?

पण माणूस हुशार ना! त्याने निदान केलं होतं, की राक्षस अजून पुरेसा भयंकर झालेला नाही.

“तुमचं ते हसणं शिकवा मला,” तो म्हणाला. “ते ऐकलं की उठायची हिंमत व्हायची नाही कुणाची.”

मामा उठले. कोपऱ्यातल्या दोन काठ्या घेतल्या, एक साईशच्या हातात कोंबली आणि खळ्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले.

“मार माका.”

“मामा, अहो, तुमचं वय...”

“मार म्हणतंय ना?”

साईशने भीतभीत काठी उगारली. मामांनी ती अशी काही उडवली की थेट माडाच्या बुंध्यापाशी जाऊन पडली. आणि मग ते हसले. कोंबड्या फडफडत पडवीत पळाल्या.

“परत.”

दुसऱ्यांदा काठी हातातच राहिली, पण मनगट झिणझिणलं. तिसऱ्यांदा साईश स्वतःच आडवा झाला. आता मात्र त्याला राग आला. म्हातारा कुठला ऐकतोय! त्याने दम घेतला, उजवीकडून हूल दिली आणि डावीकडून घातली.

काठी मामांच्या खांद्याला लागली.

मामा थबकले. खांद्याकडे बघितलं. मग एक गिरकी, दुसरी गिरकी, हात आभाळाला, घशातून असा आवाज की शेजारच्या घरातून कुणीतरी डोकावलं. तीन पावलं मागे जाऊन ते सुपारीच्या ढिगात धाडकन कोसळले.

“लागली!” साईश ओरडला. “लागली, लागली, मी पाडला!” दोन्ही पाय जमिनीवरून सुटले होते त्याचे. सव्वीस वर्षांचा घोडा, पण अंगणभर नाचला.

मग भान आलं.

“तुम्ही मुद्दाम पडलात,” तो हिरमुसून म्हणाला.

सुपारीतून आवाज आला, “तुझो हात दुखता?”

“दुखतोय की.”

“मगे मुद्दाम कसो?”

साईशने मामांना हात देऊन उठवलं, त्यांच्या पाठीवरची माती झटकली. झटकता झटकताच तो हळूच बोलला.

“मामा, मी फासे पुठ्ठ्याआड टाकतो. त्यांना दिसत नाहीत. राक्षस अडचणीत आला की... आकडा वाढवून सांगतो.”

“राक्षसाक भय वाटता?”

“मला वाटतं.”

मामांनी दोन्ही काठ्या कोपऱ्यात उभ्या केल्या.

“रयवारी पुठ्ठो नको,” ते म्हणाले. “मी येतलंय.”

आले खरे. साईशच्या पडवीत खुर्ची टाकून, बशीत चहा ओतून बसले. चौघांनी एकमेकांकडे बघितलं. फासे टेबलाच्या मधोमध उघडे पडलेले बघून तर गौरेशने साईशच्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं.

काळकुंडल तसाच होता. तीनशे प्राण, त्यातला एकही कमी केलेला नाही. पहिल्याच तासात त्याने इक्बालच्या वीराला दरीत भिरकावलं आणि गौरेशची मशालीसारखी पेटती तलवार छातीवर झेलून मोडून टाकली. पण फासे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पडत होते, त्यामुळे कुणी कुरकुर केली नाही. उलट सगळे पुढे सरकून बसले.

एकेक करून बाकीचे तिघे बाद झाले आणि शेवटी रोझी फर्नांडिस उरली. रोझी बेकरीत काम करायची, बोलायची कमी, आणि दीड वर्षात दर वेळी तिचा वीर सगळ्यांच्या आधी मरायचा.

“गौरेशच्या तलवारीने दगड तापला असेल ना?” तिने विचारलं.

“त्याला आग लागत नाही,” साईश म्हणाला.

“लागत नसेल. तापतो तरी?”

साईशने वही उघडली. वहीत तापण्याबद्दल काही नव्हतं.

“...तापतो.”

“मग मी पखालीतलं पाणी ओतते. आमचे पप्पा विहीर खणताना फत्तर असाच फोडत. आधी जाळ, मग गार पाणी.”

आधीचा साईश असता तर म्हणाला असता, त्याला काही होत नाही. शब्द जिभेवर आलेच होते. त्याने पडवीकडे बघितलं. मामा बशीतला चहा फुंकत होते.

“टाक फासा,” साईश म्हणाला. “सतरा किंवा वर पडले तर कवच फुटलं, तो संपला. खाली पडले तर तू संपलीस.”

रोझीने फासा दोन्ही तळव्यांत घोळवला, डोळे मिटले आणि टाकला. तो टेबलभर गडगडला, इक्बालच्या पेल्याला आपटला आणि थांबला.

अठरा.

चौघं साईशकडे बघत राहिले. दीड वर्षाची सवय त्यांना, आता हा काहीतरी पळवाट काढणार.

साईश उठला. छातीवर हात ठेवला. कवचाला तडा गेला तो गळ्यापर्यंत त्याने बोटाने ओढून दाखवला. एक गिरकी घेतली, दारावर आदळला, पडदा धरला, पडदा दांडीसकट खाली आला, आणि दगडाचा तो काळकुंडल गुरगुरत, कण्हत, हात झाडत लादीवर पसरला.

मग जो गलका झाला म्हणता! इक्बाल खुर्चीवर चढला. गौरेशने रोझीला उचलून गरगर फिरवलं, आणि रोझी, जी कधी मोठ्याने हसलीसुद्धा नव्हती, ती किंचाळत होती. साईशची आई उलथनं घेऊन बाहेर धावली.

“पुढच्या रविवारी कोण आहे आमच्या वाटेला?” रोझीने वरूनच विचारलं. “याच्याहून मोठा आण हां.”

कॅरमचं नाव कुणी काढलं नाही. आईने चौघांना चहाला आत नेलं.

लाडूमामा काठी टेकत साईशपाशी आले. तो अजून तसाच पडलेला, पडद्यात गुंडाळलेला, कोपर सोललेलं, आणि तोंडभर हसत होता.

“जमलं का, मामा?”

“बरो पडलंस.”

“एक चुकलं पण. मेल्यावर डोळे मिटायला हवे होते. मिटवेनात. रोझीच्या तोंडाकडेच बघत राहिलो.”

मामांनी काठी बाजूला ठेवली आणि त्याला उठवायला हात पुढे केला.

“मगे चाळीस वर्षां मी कित्याक मरत होतंय?”