दुखऱ्या जागेवरचा दोरा

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा गावोगावी राजाची दवंडी पिटली जात असे. आणि हो, तेव्हा सायकलीही होत्या. राजाच्या काळात सायकल कुठली, असे ज्याला विचारायचे असेल त्याने आपापल्या घरी जाऊन विचारावे. आमच्या या राज्यात सायकली होत्या, आणि जुन्या सायकलींचा बाजार घाटाच्या पायथ्याशी भरत असे.

त्या बाजाराची एक रीत होती. सायकल विकायला आणणाऱ्याने तिला एक लाल दोरा बांधायचा. कुठे बांधायचा? ज्या जागेबद्दल त्याच्या स्वतःच्याच मनात शंका असेल तिथे. घेणाऱ्याने आधी दोरा बघायचा, मग सायकल.

मोठ्या शहाणपणाची रीत होती ही, पण माणसे शहाणपणाला पुरून उरतात. कोणा एकाने दोरा घंटीला बांधला. घंटी वाजली नाही तर कोणाचे काय बिघडते? दुसऱ्याने ते पाहिले, मग तिसऱ्याने. बघता बघता झाडून सगळ्या सायकलींच्या घंट्यांना लाल दोरे लोंबू लागले, आणि लोकांना ते शोभेचेच वाटू लागले.

या बाजारात एकदा एक कासारीण आपली सायकल विकायला आली. बांगड्यांची पेटी मागे बांधून तिने घाटावरची गावे उभा जन्म पालथी घातली होती. आता तिचे गुडघे बोलू लागले होते. बाजारात चिंचेखाली एक दुकानाची जागा रिकामी झाली होती. सायकल विकून ती जागा घ्यायची आणि बसून बांगड्या भरायच्या, एवढेच तिच्या मनात होते. पण पाटलाने बजावले होते, की दिवस मावळेपर्यंत भाडे आले नाही तर जागा तंबाखूवाल्याला जाईल. आणि तंबाखूवाला चिंचेखाली येऊन बसलाही होता.

सायकल दिसायला झकास होती. पण मागच्या उन्हाळ्यात कासारीण तिच्यासकट ओढ्याच्या खडकांत पडली होती. तेव्हापासून सीटखालून पायडलकडे उतरणाऱ्या दांडीवर केसाएवढी एक रेघ दिसत असे. रंग उडाला होता की लोखंड तडकले होते, कोण जाणे. चिरलेली बांगडी कासारीण नुसत्या आवाजावरून ओळखायची, आणि तशी बांगडी तिने कधी कोणाच्या हातात भरली नव्हती. तिने दांडीवरही नख वाजवून पाहिले. पण लोखंड म्हणजे काही काच नव्हे. तिला काहीच कळले नाही.

तिने लाल दोरा घेतला आणि त्या रेघेवर बांधला.

शेजारी एक दलाल उभा होता. त्याच्या सायकली तेल लावून चकचकीत केल्या होत्या, आणि दोरे अर्थातच घंटीला होते. त्याला कासारणीची कीव आली. तो वाईट माणूस नव्हता हो, फक्त हुशार होता.

"ताई, दोरा घंटीला बांधा," तो म्हणाला. "तडा आहे असं तुम्ही तरी कुठं पाहिलंय? नुसती शंकाच आहे ना?"

"दोरा शंकेचाच असतो, दादा," कासारीण म्हणाली. "घंटीबद्दल मला शंका नाही. ती छान वाजते."

दलाल आपल्या गिऱ्हाइकाकडे वळला.

मग व्हायचे तेच झाले. लोक येत, सायकल बघून खूश होत, दोरा बघून नाक मुरडत आणि काढता पाय घेत. एकाने तर कपाळाला हात लावला आणि असली सायकल बाजारात आणतातच कशाला, असे सगळ्यांना ऐकू जाईल असे विचारले. दलालाच्या सायकली एकामागून एक जात होत्या. ऊन कलले. चिंचेखाली तंबाखूवाला जागा झाडून घेऊ लागला. कासारणीचा हात दोनदा दोऱ्याच्या गाठीकडे गेला. गाठ सोडायला कितीसा वेळ लागतो? तिला रडू येत होते, हे मी लपवणार नाही. पण गाठ तिने सोडली नाही.

तेवढ्यात घाटावरच्या गावाची म्हातारी सुईण बाजारात आली. अडलेल्या बाईकडे घाईने जायचे म्हणून तिला सायकल हवी होती, आणि वाटेत सायकल मोडली तर दोन जीवांचा प्रश्न होता. तिने सगळी ओळ फिरून पाहिली. प्रत्येक सायकलीपुढे उभी राहून ती एकच विचारी, हिचे कुठे दुखते? आणि प्रत्येक विकणारा हसून घंटीकडे बोट दाखवी.

दलालापाशी येऊन ती थबकली. "एवढ्या सायकली, आणि सगळ्यांची दुखणी घंटीतच कशी रे?" तिने विचारले. दलाल हसला आणि फडक्याने घंटी पुसू लागला.

मग ती कासारणीपुढे आली. "हिचं कुठं दुखतं, पोरी?"

कासारणीने दोरा दाखवला. ओढ्यात पडल्याचे सांगितले, रेघ दाखवली, आणि तडा आहे की नाही ते मला ठाऊक नाही, हेही सांगितले.

"मावशी, तुमचं काम घाईचं," ती म्हणाली. "तुम्ही विचार करून घ्या."

सुईण म्हणाली, "माझं सगळं आयुष्य बाळंतिणींच्या उशाशी गेलं. जी कुठं दुखतंय ते सांगते, तिची मला भीती नसते. जी काहीच नाही म्हणते, तिच्यापाशी मी डोळ्यांत तेल घालून बसते. ही सायकल मला दे."

कासारणीने सांगितलेली किंमत सुईणीने बिनतक्रार दिली आणि सायकल घेऊन ती थेट लोहाराच्या भट्टीवर गेली. बघ्यांचा घोळका मागोमाग गेलाच. लोहाराने रंग खरवडला. तडा होता. तांदळाच्या दाण्याएवढाच, पण होता. त्याने त्यावर लोखंडी पट्टी तापवून घट्ट बसवली आणि दांडीवर घण हाणला. पट्टी जागची हलली नाही.

सुईण सीटवर बसली आणि तिने घंटी वाजवली. ती छानच वाजली. मग ती घाटाच्या वाटेला लागली आणि पाहता पाहता वळणाआड गेली.

इकडे बाजारात एकच गडबड उडाली. ज्यांनी सकाळी सायकली घेतल्या होत्या ते परत आले आणि घंटीचे दोरे ओढून विचारू लागले, खरे सांगा, हिचे कुठे दुखते? कोणी कोणाचे ऐकेना. शेवटी सगळे पाटलाकडे गेले आणि म्हणाले, यापुढे दोरा ती कासारीण बांधेल, विकणाऱ्याला समोर बसवून आणि विचारून. नाहीतर आम्ही या बाजारात पाऊल ठेवणार नाही.

पाटलाने मावळतीकडे पाहिले. कासारीण भाडे हातात धरून त्याच्याचसाठी उभी होती. त्याने तिची मूठ मिटवली. दोरे बांधणारीला चिंचेखालची जागा बाजारातर्फे बिनभाड्याने, असे त्याने जाहीर केले. तंबाखूवाल्याने झाडू तिच्या हातात दिला. जागा झाडून झालीच होती.

पुढच्या बाजारी चिंचेखाली एका बाजूला बांगड्या मांडल्या होत्या आणि दुसऱ्या बाजूला लाल दोऱ्याचे रीळ. रांगेत पहिला कोण होता? दलाल. कासारणीने त्याला विचारले, "दादा, हिचं कुठं दुखतं?"

दलालाने मान खाली घातली, रीळ हातात घेतले, आणि चाकाला, साखळीला, सीटला, हँडलला दोरे बांधत सुटला. सायकल नवरदेवासारखी दिसू लागली. लोक पोट धरधरून हसले, आणि दलालही हसला. पण नवल हे, की त्या दिवशी सर्वांत आधी विकली गेली ती त्याचीच सायकल. फक्त घंटीला तेवढा दोरा नव्हता.

तात्पर्य : आपल्या मालातली शंका जो आपण होऊन दाखवतो, त्याच्या बाकीच्या मालाबद्दल कोणालाच शंका उरत नाही.