ढोमा अस्वलाची वीस लिटर बीअर

माणसांना अजून बीअर ठाऊक नव्हती आणि जंगलात मात्र ती घरोघरी उकळत होती, तेव्हाची ही गोष्ट.

ढोमा नावाच्या अस्वलाला आपल्या वाढदिवसासाठी वीस लिटर बीअर करायची होती. म्हणून त्याने बरोबर वीस लिटरचं पातेलं आणलं, त्यात जवाचं पाणी काठोकाठ भरलं आणि अंगणातल्या चुलीवर चढवलं.

"अरे ढोमा, वर थोडी जागा सोड," चूल म्हणाली. "उकळी आली की फेस येतो. पाचच मिनिटं थांबतो, पण त्याला अख्खी खोली लागते."

"न बोलावलेल्या पाहुण्यासाठी मी जागा अडवून ठेवू होय, मावशी?" ढोमा गुरगुरला.

फेस आला. त्याने चूल विझवली, अंगण भरून टाकलं आणि शेजारच्या झोपलेल्या सशाला नदीपर्यंत पोचवलं.

चिडलेल्या ढोमाने मग लग्नकार्यातला दोनशे लिटरचा हंडा आणला. त्याच्याखाली चूलच दिसेना. तीन दिवस जाळ घालूनही पाणी जेमतेम कोमट झालं, आणि रेडकं त्यात आंघोळ करून गेली.

शेवटी ढोमाने चुलीचं ऐकून तीस लिटरचं पातेलं आणलं. फेस वर चढला, काठावरून डोकावला आणि गुपचूप खाली गेला. बीअर फक्कड जमली.

ढोमाच्या गुहेत बारा जण मावत. म्हणून वाढदिवसाला त्याने मोजून बारा पाहुणे बोलावले. बाराही जण आत दाटीवाटीने बसून पीत होते, आणि ढोमा दाराबाहेरून ओरडत होता, "अरे, जरा सरका की! वाढदिवस माझा आहे!"